तबकडीवरचा इशारा

अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात गाण्यांतल्या शब्दांविषयी जी धास्ती अधूनमधून उसळी मारते, तिचा सर्वांत विनोदी दस्तऐवज त्या देशाच्या केंद्रीय तपास खात्याच्या, म्हणजे एफबीआयच्या, दप्तरात पडून आहे. १९६३ साली ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरच्या ‘किंग्जमेन’ नावाच्या तरुण मंडळींनी ‘लुई लुई’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गायकाचे उच्चार इतके अस्पष्ट होते की त्यातले शब्द कोणालाच धड कळेनात. आणि जे कळत नाही ते अश्लीलच असले पाहिजे, असा समज आधी शाळकरी मुलांत आणि मग त्यांच्या आईबापांत पसरला. इंडियाना राज्याच्या गव्हर्नरांनी ते गाणे नभोवाणी केंद्रांनी लावू नये अशी सूचना केली, संतप्त पालकांचे तक्रारअर्ज वॉशिंग्टनपर्यंत पोचले, आणि सरकारी प्रयोगशाळेत ती तबकडी निरनिराळ्या गतींनी फिरवून ऐकण्याचा सोपस्कार यथासांग पार पडला. निष्कर्ष असा निघाला की कोणत्याही गतीने फिरवली तरी शब्दांचा अर्थ लागत नाही. मूळ गाणे जमैकातल्या आपल्या प्रेयसीकडे परतू पाहणाऱ्या एका खलाशाचे, अगदी निरुपद्रवी होते.

यानंतर वीसेक वर्षांनी त्याच देशाच्या राजधानीत जो वाद पेटला त्यात मात्र शब्द पुरेसे स्पष्ट होते, फिर्यादी प्रतिष्ठित होते, आणि त्या वादाचे फलित म्हणून जे काळ्यापांढऱ्या रंगांचे, ‘पेरेंटल ॲडव्हायझरी’ असे ठळक अक्षरांत बजावणारे लहानसे आयत जन्माला आले, ते आज अमेरिकेबाहेरच्या श्रोत्यांच्याही परिचयाचे झाले आहे. आतल्या गीतांत शिवीगाळ, उघड लैंगिक वर्णन, हिंसा किंवा अमली पदार्थांचा उल्लेख आहे, तरी आईबापांनी सावध असावे, इतकेच ते सांगते. परंतु हे कोणी सांगावे, कोणत्या कसोटीवर सांगावे आणि सांगितल्यानंतर कोणी काय करावे, या तीन प्रश्नांवर गेली चाळीस वर्षे जो खल चालला आहे, त्याचे कागद चाळताना एक गोष्ट मला वारंवार जाणवली. उच्चारस्वातंत्र्याच्या आणि बालसंगोपनाच्या नावाने दोन्ही पक्षांनी जी भाषणे केली, त्यांचा या चिठ्ठीच्या भवितव्याशी संबंध फार थोडा होता. तिचे बळ किती आणि कोणावर चालणार हे ठरवले ते दुकानातल्या फळीने.

वादाचा उगम घरगुतीच आहे. टेनेसीचे सिनेटर ॲल गोर यांच्या पत्नी टिपर गोर यांनी आपल्या मुलीसाठी प्रिन्स या गायकाचा १९८४ सालचा ‘पर्पल रेन’ हा गीतसंग्रह विकत आणला, आणि त्यातले ‘डार्लिंग निकी’ हे गीत घरात वाजू लागले तेव्हा त्यातील आत्मरतीचा निःसंकोच उल्लेख ऐकून त्या अवाक् झाल्या. असले गीत कोणी रचलेच कसे, यापेक्षा पाकिटावर त्याची कल्पना देणारे एक अक्षरही नव्हते, हे त्यांना अधिक खटकले. आणि न्यायबुद्धीने पाहता ही तक्रार अवास्तव म्हणता येणार नाही. पालक-शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८४ सालच्या आपल्या अधिवेशनात याच आशयाचा ठराव करून रेकॉर्ड कंपन्यांकडे दाद मागितली होती, पण तिला कोणी भीक घातली नव्हती. टिपर गोर यांनी १९८५ साली अर्थमंत्री जेम्स बेकर यांच्या पत्नी सुझन बेकर, तसेच पॅम हॉवर व सॅली नेव्हियस यांच्यासह ‘पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ स्थापन केले, तेव्हा मात्र कंपन्यांना कान टवकारावे लागले. कारण ज्यांच्या हाती कायदे करण्याचा अधिकार, त्यांच्या घरातूनच आता ही मागणी येत होती.

मागणीचा पहिला मसुदा चित्रपटांच्या १९६८ पासूनच्या वर्गीकरणावरून बेतलेला होता. लैंगिक किंवा शिवराळ गीतांस ‘एक्स’, भूतप्रेत-सैतानाच्या उपासनेस ‘ओ’, मादक पदार्थ व मद्य यांस ‘डी/ए’ आणि हिंसेस ‘व्ही’, अशी अक्षरे पाकिटांवर छापावीत, असे त्यात सुचवले होते. नमुन्यादाखल पंधरा गीतांची एक यादीही प्रसिद्ध झाली, ती ‘फिल्दी फिफ्टीन’ या नावाने पुढे अजरामर झाली. तिच्या शिरोभागी अर्थातच प्रिन्स होता. त्याच्याखाली जूडास प्रीस्ट, मॉटली क्रू, एसी/डीसी, ट्विस्टेड सिस्टर अशी कर्कश वाद्यवृंदांची मांदियाळी. मॅडोना आणि सिंडी लॉपर यांचीही वर्णी लागली होती. आणि व्हेनम व मर्सिफुल फेट यांच्यासारखी, सामान्य अमेरिकन घरात ज्यांचे नाव एरवी कधी पोचले नसते अशी मंडळीही तिच्यात होती. मुलांपासून जे दूर ठेवावयाचे त्याची सविस्तर जंत्री वर्तमानपत्रांतून छापून आणण्यात काय साधते, याचा विचार त्या विदुषींनी केला होता की नाही, कोण जाणे.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे या प्रश्नाची जाहीर चौकशी झाली. समितीचे अध्यक्ष मिसुरीचे जॉन डॅनफर्थ होते आणि सदस्यांत खुद्द ॲल गोरही होते. म्हणजे पत्नी फिर्यादी आणि पती चौकशी करणाऱ्यांपैकी एक, असा योग त्या दिवशी जुळून आला होता. आरंभी गीतांचे उतारे वाचून दाखवण्यात आले, चित्रफिती दाखवण्यात आल्या, पाकिटांवरील चित्रे उंच धरून सभासदांस आणि कॅमेऱ्यांस त्यांचे दर्शन घडवण्यात आले. या सगळ्याला एक नाटकी रंग होता हे खरे. पण सुझन बेकर आणि टिपर गोर यांची कैफियत संयमाची होती, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावयास हवे. आम्हांस बंदी नको, माहिती हवी, आणि ती कंपन्यांनी आपखुशीने द्यावी, असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. माहिती आणि बंदी यांतला हा भेद कागदावर निर्दोष आहे, आणि तो व्यवहारात टिकतो की नाही हाच सबंध वादाचा गाभा आहे.

विरुद्ध बाजूने तीन संगीतकारांनी जबान्या दिल्या, आणि तिघांत परस्परसाम्य शोधूनही सापडले नसते. फ्रँक झॅपा हा विक्षिप्त कीर्तीचा, परंतु अत्यंत विचक्षण रचनाकार त्या दिवशी नीटनेटका पोशाख करून, लेखी निवेदन घेऊन आला होता. स्वतःची गीते त्या यादीत नसताना तो लढावयास उभा राहिला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा आधार घेऊन त्याने ती सगळी तजवीज मूर्खपणाची ठरवली. चित्रपटातला नट दुसऱ्याने लिहिलेले बोलतो, म्हणून चित्रपटावरील शिक्का त्याच्या अंगाला चिकटत नाही. गीतकाराच्या नावावर मात्र तो कायमचा चिकटतो, हा त्याचा युक्तिवाद मला त्या दिवसातला सर्वांत मार्मिक वाटतो. मुलांच्या कानांवर काही उदात्त पडावे अशी इच्छा असेल तर शाळांतून संगीताचे शिक्षण द्या, असेही त्याने सुनावले. आणि गीतांचे शब्द छापून ग्राहकापुढे ठेवण्यास आपली हरकत नाही, हेही सांगितले. चार मुलांचा बाप असलेल्या या माणसाची ही शेवटची सूचना कोणी मनावर घेतली असती, तर बराचसा वाद तिथल्या तिथे मिटला असता.

दुसरा साक्षीदार जॉन डेन्व्हर. पर्वत, सूर्यप्रकाश आणि गावाकडची वाट यांची गोड गाणी म्हणणारा हा गायक पालकांची बाजू उचलून धरील, अशी अनेकांची अटकळ होती. त्याने उलट कोणत्याही प्रकारच्या नियंत्रणास आपला विरोध असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, आणि स्वानुभव पुढे मांडला. कोलोरॅडोच्या पर्वतरांगांवर उल्कावर्षाव पाहताना झालेल्या आनंदाचे त्याचे ‘रॉकी माउंटन हाय’ हे गीत काही नभोवाणी केंद्रांनी अमली पदार्थांचे गुणगान समजून वगळले होते. त्या वगळणाऱ्यांनी तो पर्वत पाहिला नव्हता आणि तो आनंदही अनुभवला नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. बाह्यतः सौम्य असलेल्या या साक्षीने परीक्षकाच्या अज्ञानाचा जो मुद्दा उपस्थित केला, त्याचे उत्तर समितीतल्या कोणापाशी नव्हते.

तिसरा ट्विस्टेड सिस्टरचा गायक डी स्नायडर. विस्कटलेले पिंगट केस, जीनचे कापड, आणि खिशातून काढून उलगडलेला घडी पडलेला कागद, असा त्याचा थाट पाहून सभासदांनी मनाशी काही ग्रह करून घेतला असेल, तर तो पहिल्या दोन वाक्यांतच नाहीसा झाला असावा. आपण विवाहित आहोत, तीन वर्षांच्या मुलाचे वडील आहोत, ख्रिस्ती धर्मात वाढलो आहोत, आणि धूम्रपान, मद्यपान वा कोणतेही व्यसन करीत नाही, असे त्याने आरंभीच सांगून टाकले. त्याच्या ‘अंडर द ब्लेड’ या गीतात दोराने बांधून छळण्याची विकृत कामक्रीडा आहे, असा टिपर गोर यांचा आरोप होता. ते गीत आपल्या वाद्यवृंदातील गिटारवादकाच्या घशावर व्हावयाच्या शस्त्रक्रियेविषयी आणि तिच्या भीतीविषयी आहे, असा खुलासा करून, ज्याला जे पाहावयाचे असते तेच तो पाहतो, असा टोला त्याने हाणला. ॲल गोर यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय उमटले ते चित्रफितीत आजही पाहावयास मिळते.

नेब्रास्काचे सिनेटर जेम्स एक्सन यांनी त्या दिवशी एक रोखठोक प्रश्न विचारला: कायदा करावयाचा नसेल तर ही चौकशी तरी कशासाठी? याचे एक उत्तर झॅपाने आधीच देऊन ठेवले होते, आणि ते कंपन्यांच्या अब्रूला फारसे शोभणारे नव्हते. घरोघर कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवून घेण्याची जी चाल पडली होती, तिच्यामुळे होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईसाठी कोऱ्या फितींवर एक पट्टी बसवावी, असा प्रस्ताव त्या काळी अमेरिकेच्या संसदेपुढे होता, आणि तो मंजूर करून घेण्यासाठी कंपन्या देव पाण्यात घालून बसल्या होत्या. ज्या सभागृहाकडून कोट्यवधी डॉलरांची मेहेरबानी हवी, तिथल्या सभासदांच्या पत्नींना दुखवणे परवडण्यासारखे नव्हते. कंपन्यांनी गीतकारांच्या स्वातंत्र्याचा सौदा केला, असा झॅपाचा आरोप. तो सर्वस्वी सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही, पण घटनाक्रम त्याच्या बाजूने बोलतो. दैवाचा खेळ असा की साध्या कॅसेटवरची ती पट्टी कधीच बसली नाही; १९९२ साली कायदा झाला तो केवळ अंकीय ध्वनिमुद्रण यंत्रांपुरता आणि त्यांच्या फितींपुरता.

१ नोव्हेंबर १९८५ रोजी तडजोड जाहीर झाली. रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे कंपन्यांची संघटना, आणि पालकांच्या दोन्ही संस्था यांच्यात असे ठरले की आक्षेपार्ह गीतसंग्रहावर कंपनीने एकतर इशारा छापावा किंवा गीतांचे शब्द पाकिटाच्या मागे द्यावेत. निरनिराळी अक्षरे आणि त्यांसाठी नेमावयाचे परीक्षकमंडळ या दोन्ही मागण्या बारगळल्या. संघटनेचे अध्यक्ष स्टॅन्ली गॉर्टिकोव्ह यांनी त्याचे कारण आकड्यांत मांडले होते: चित्रपट वर्षाकाठी काहीशे निघतात, गीते पंचवीस हजार, त्यांची छाननी कोणते मंडळ करणार? कारण खरे होते आणि सोयीचेही होते. कसोटी कोणती हे ठरवण्याची मुखत्यारी त्यामुळे कंपनीकडेच राहिली, म्हणजे माल ज्याचा, पारखही त्याचीच. इशाऱ्याचा आकार, जागा, शब्द, सर्व काही ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडल्यामुळे पहिली चार-पाच वर्षे ही व्यवस्था नावापुरतीच होती.

ती खरी अमलात आली १९९० साली, आणि त्याला निमित्त पालकांचे नव्हते, तर राज्यांच्या विधिमंडळांचे होते. निरनिराळ्या राज्यांतून सक्तीच्या इशाऱ्याचे मसुदे दाखल होऊ लागले. लुइझियानात तर एक मसुदा दोन्ही सभागृहांत संमत झाला, आणि गव्हर्नर बडी रोमर यांनी तो नामंजूर केला म्हणून टळला. प्रत्येक राज्याचा निराळा कायदा आणि निराळा दंड म्हणजे देशभर एकच पाकीट पाठवणाऱ्या व्यापाराचा सत्यानाश, हे ओळखून संघटनेने एकच ठरीव शिक्का तयार केला आणि मसुदे एकामागून एक मागे घेण्यात आले. पुढे वॉशिंग्टन राज्याने १९९२ साली ‘कामोद्दीपक’ संगीत अल्पवयीनांस विकण्याविरुद्ध कायदा केला, पण साउंडगार्डन या वाद्यवृंदाने व इतरांनी दाद मागितल्यावर त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तो रद्दबातल ठरवला. सरकारी सक्ती न्यायालयात टिकत नाही हे त्यामुळे पक्के झाले. आणि उरला तो हाच खाजगी शिक्का.

हा ठरीव शिक्का प्रथम ज्याच्यावर उमटला तो संग्रह मायामीच्या ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप मंडळींचा ‘बॅन्ड इन द यू.एस.ए.’. ते नाव उगाच घेतलेले नव्हते. त्यांचा आदला संग्रह ‘ॲज नॅस्टी ॲज दे वॉना बी’ कमालीचा बीभत्स होता, यात संशय नाही. त्याची बाजू घेणाऱ्यांनाही तो घरात लावण्याची छाती झाली नसती. जून १९९० मध्ये फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलचे संघराज्य न्यायाधीश होजे गोन्झालेझ यांनी तो कायद्याच्या दृष्टीने अश्लील ठरवला. लगोलग तो विकणारा एक दुकानदार पकडला गेला, आणि पाठोपाठ रंगमंचावर ती गीते म्हटल्याबद्दल गायकही. गायकांच्या खटल्यात हेन्री लुई गेट्स या विद्वानाने कृष्णवर्णीयांच्या अतिशयोक्त विनोदाची व शिवराळ शब्दद्वंद्वाची जुनी परंपरा पंचांना समजावून सांगितली, आणि पंचांनी त्यांना निर्दोष सोडले. दुकानदार मात्र दोषी ठरला. १९९२ साली अपील न्यायालयाने मूळ निवाडाही फिरवला, आणि त्याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. १९७३ च्या मिलर खटल्याने घालून दिलेल्या कसोटीनुसार, गंभीर कलात्मक मूल्याचा अभाव सिद्ध झाल्यावाचून अश्लीलता सिद्ध होत नाही; सरकार पक्षाने मात्र फीत हजर करण्यापलीकडे त्या मुद्द्यावर पुरावाच दिला नव्हता. नुसते ऐकून शिसारी आली एवढे पुरेसे नाही, असा त्याचा मथितार्थ.

न्यायालयात अशी हार होत असताना दुकानात मात्र निराळेच काही घडत होते. वॉल-मार्टसारख्या प्रचंड साखळीने शिक्का असलेला माल ठेवावयाचाच नाही असे धोरण धरले, आणि अमेरिकेच्या लहान गावांतून जिथे दुसरे रेकॉर्डचे दुकानच उरले नव्हते, तिथे त्या धोरणाचे वजन कोणत्याही कायद्याहून अधिक झाले. परिणामी एकाच संग्रहाच्या दोन आवृत्त्या निघू लागल्या: एक शिक्क्याची, आणि दुसरी शब्द गाळून, पुसून किंवा उलटे वाजवून धुतलेली. निर्वाणा या वाद्यवृंदाच्या ‘इन युटेरो’ या १९९३ च्या संग्रहाला बड्या साखळ्यांनी नकार दिला, तेव्हा पुढल्या वर्षी पाकिटावरील चित्र आणि एका गीताचे नाव बदलून तो त्यांच्या फळीवर पोचवण्यात आला. आत गीत तेच, फक्त बाहेरचे नाव निराळे. शेरिल क्रो हिच्या १९९६ च्या संग्रहाची गोष्ट याहून बोलकी आहे. वॉल-मार्टमध्ये विकत मिळणाऱ्या बंदुकांनी मुले एकमेकांना मारतात असा उल्लेख एका गीतात होता, एवढ्यावरून त्या दुकानांनी तो नाकारला. आईबापांना सावध करण्यासाठी निघालेली वाट दुकानदाराच्या आत्मसन्मानापर्यंत येऊन पोचली, ती अशी. टिपर गोर यांना हे अभिप्रेत नव्हते, हे मी मानतो. पण माहिती आणि बंदी यांतला त्यांचा तो निर्दोष भेद कुठे मोडला, ते इथे दिसते.

दुसरा दोष पक्षपाताचा. १९८५ च्या यादीत रॅप गाण्यांचा मागमूस नव्हता. १९९० नंतर शिक्का म्हणजे रॅप, असे जणू समीकरणच झाले. शब्दांचा उघडेपणा पाहता त्यातले बरेच शिक्के सार्थ होते. परंतु जॉनी कॅश याच्या ‘फोल्सम प्रिझन ब्लूज’ या १९५५ च्या गीताचा नायक रीनो शहरात निष्कारण मनुष्यहत्या केल्याचे सांगतो, आणि ग्रामीण गौरवर्णीयांच्या जुन्या पोवाड्यांतून प्रेयसीचा खून करून तिला नदीत लोटणाऱ्या वीरांची वाण नाही. त्यांच्यापासून आईबापांना सावध करावे असे कोणाला कधी वाटले नाही. शिवी म्हणजे धोका आणि सभ्य भाषेत सांगितलेला खून म्हणजे परंपरा, असा हा हिशेब आहे. १९९६ मध्ये शिक्क्यावरील ‘गीते’ हा शब्द काढून ‘आशय’ असा व्यापक शब्द घालण्यात आला खरा, पण व्यवहारात मोजमाप शब्दांचेच राहिले.

आता परिणामांविषयी. १९८७ साली लॉरेन प्रिन्स्की आणि जिल रोझेनबॉम यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की तरुण मुलांना आपल्या आवडत्या गाण्यांचा अर्थ फारसा सांगता येत नाही. मोठ्यांना जिथे सैतान आणि संभोग दिसत होते, तिथे मुलांना ताल आणि सूर ऐकू येत होता. याचा अर्थ शब्दांचा परिणाम शून्य, असा काढणे उतावीळपणाचे होईल. पण समितीपुढे वाचलेले उतारे मुलांच्या कानांनी ऐकलेले नव्हते, इतके तरी यावरून दिसते. अंमलबजावणीची गोष्ट तर लाजिरवाणी होती. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने सप्टेंबर २००० मध्ये सादर केलेल्या अहवालात, तपासलेल्या ५५ शिक्केदार संग्रहांपैकी झाडून सगळ्यांची जाहिरात सतरा वर्षांखालील मुलांपर्यंत पोचेल अशीच केली होती, असे उघड झाले. आणि १३ ते १६ वयाची मुले एकटी दुकानांत पाठवली, तेव्हा त्यांपैकी ८५ टक्के मुलांना तो माल बिनदिक्कत मिळाला. २०१३ च्या पाहणीत हे प्रमाण ४७ टक्क्यांवर उतरले होते. सुधारणा झाली खरी, पण तोवर मुले दुकानात जाऊन डिस्क विकत घेणे जवळजवळ सोडून बसली होती.

ब्रिटनमधील कंपन्यांच्या संघटनेने हाच शिक्का १९९५ च्या सुमारास उचलला, आणि २०१४ पासून तिथल्या चित्रपट परीक्षण मंडळाच्या साहाय्याने संगीताच्या चित्रफितींस वयोमानानुसार दर्जा देण्याचा प्रयोगही झाला. आपल्याकडे असा शिक्का रुजला नाही, कारण आपल्याकडचे लोकप्रिय गाणे बहुतांशी चित्रपटातले, आणि ते १९५२ च्या कायद्यान्वये चित्रपटाबरोबरच तपासले जाते. गाणे शुद्ध करण्याची हौस आपल्यालाही काही कमी नव्हती. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरून चित्रपटगीतांची जवळजवळ हकालपट्टी झाली. त्यांची तक्रार अश्लीलतेपेक्षा अभिरुचीची होती. श्रोत्यांनी मात्र काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारला ती गीते परत बोलवावी लागली. अश्लीलतेच्या प्रश्नावर आपले जे महत्त्वाचे निवाडे झाले त्यांतला एक मराठी लेखकाचाच आहे: ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांस उच्च न्यायालयाने दोषी धरले, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. आपल्याकडील ही पद्धत म्हणजे आधी प्रसिद्धी आणि मग फिर्याद. अमेरिकेतील शिक्का तिच्या पुष्कळ अलीकडे, माल बाहेर पडण्यापूर्वीच लागतो, आणि माझ्या मते लेखकाला वर्षानुवर्षे कोर्टाचे उंबरठे झिजवावयास लावण्यापेक्षा तो बरा. त्याची एकच अट आहे, ती म्हणजे शिक्का वाचल्यावर निर्णय आईबापांनी घ्यावा, फळीच्या मालकाने नव्हे.

ती अट आज एका अनपेक्षित मार्गाने काही अंशी पुरी झाली आहे, कारण फळीच नाहीशी झाली. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक यांसारख्या सेवांवर गीताच्या नावाशेजारी ‘ई’ हे एकच अक्षर चिकटलेले दिसते. मूळ आणि धुतलेली अशा दोन्ही आवृत्त्या एकाखाली एक उभ्या असतात. आणि घरातल्या मुलाच्या खात्यावर तसली गीते वाजू नयेत अशी मनाई आईबापांना एका कळीने करता येते. आता एकेका दिवसात जगभर नव्याने दाखल होणाऱ्या गीतांची संख्या गॉर्टिकोव्ह यांच्या वर्षभराच्या पंचवीस हजारांनाही मागे टाकते, तेव्हा मंडळ नेमण्याची भाषाही कोणी करीत नाही. कंपनीवाचून स्वतःच गीत प्रसिद्ध करणाऱ्या होतकरू गायकाला वितरकाच्या अर्जात इतर रकान्यांबरोबर तोही एक रकाना भरावा लागतो: आशय आक्षेपार्ह आहे की नाही? झॅपा, डेन्व्हर आणि स्नायडर यांना सिनेटपुढे बसवून ज्या प्रश्नाचा निकाल लागला नाही, त्याच्या चौकटीत खूण करण्याचे काम आता गीत रचणाऱ्याकडेच आले आहे, आणि त्याने केलेली खूण सहसा कोणी तपासून पाहत नाही.